शेजारच्या गणपतीचा प्रसाद ख्रिस्ती माणसाने घ्यावा का?

नगरची लेक:
आमच्या इमारतीत ख्रिस्ती घर आमचे एकच. गेल्या गणेश चतुर्थीला समोरच्या आजी उकडीच्या मोदकांची ताटली घेऊन दाराशी आल्या. वर झाकलेला रुमाल वाफेने मधोमध ओला झाला होता. "बाप्पाचा प्रसाद आहे, गरम आहे तोवर खा," असे त्या म्हणाल्या आणि मी, आईने शिकवल्याप्रमाणे, "आजी, आम्ही प्रसाद घेत नाही," असे म्हणून हात जोडले. त्या रागावल्या नाहीत. ताटली तशीच हातात धरून क्षणभर उभ्या राहिल्या. नाताळात मी नेलेला करंज्यांचा डबा मात्र त्यांनी दरवर्षीसारखा आनंदाने घेतला. तेव्हापासून माझी दहा वर्षांची मुलगी विचारते आहे की आपले त्या घेतात, मग त्यांचे आपण का घेत नाही. बायबलमधील प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ आणि १० हे अध्याय मी अनेकदा वाचले. मूर्ती म्हणजे काहीच नाही आणि अन्नाने देवाजवळ आपली योग्यता ठरत नाही, असे तो आठव्यात म्हणतो. प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे असे दोन्हीकडचे भागीदार होता येत नाही, असे दहाव्यात बजावतो. दोन्ही वचने त्याच पत्रातली असल्यामुळे एक पुढे करून दुसरे झाकून ठेवणे मला प्रामाणिक वाटत नाही. आपण आपल्या घरी काय करता आणि कोणत्या आधाराने, ते कृपया सांगावे.

वचनवाचक:
ताई, आपल्या आईने शिकवले तेच योग्य आहे. दहाव्या अध्यायातील २५ ते २८ ही वचने सलग वाचावीत. बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खावे, अविश्वासी माणसाने जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले खावे, परंतु हे मूर्तीला दाखवलेले आहे असे कोणी सांगितले तर खाऊ नये. आजींनी प्रसाद आहे असे स्पष्ट सांगितले, तिथेच प्रश्न मिटला. यरुशलेमेतील सभेने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना ज्या मोजक्या गोष्टी वर्ज्य करायला सांगितल्या (प्रेषितांची कृत्ये १५) त्यांत ही होती, आणि प्रकटीकरणात पर्गम व थुवतीरा येथील मंडळ्यांना याच कारणाने दोष दिलेला आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तर इथे 'नैवेद्य' हाच शब्द आहे. आपल्या दारातल्या ताटलीला तो लागू नाही, असे कसे म्हणता येईल?

वसईकर:
२८ व्या वचनावर थांबू नका, २९ वे वाचा. खाऊ नका असे पौल म्हणतो ते सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीसाठी, खाणाऱ्याच्या नव्हे, असे तो स्वतःच स्पष्ट करतो. ताईंना दर रविवारी उपासनेला जाताना पाहणाऱ्या आजी, मोदक खाल्ला म्हणून यांनी आपला देव मानला, असे समजतील का? ग्रीसमधल्या ज्या करिंथला हे पत्र गेले ते शहरही डोळ्यांसमोर आणावे. इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. तिथल्या अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या देवस्थानाला लागून भिंतींकडेने आसने मांडलेली भोजनदालने उत्खननात सापडली आहेत. देवळाच्या अशा पंगतीला बसणे म्हणजे त्या मेजाचे भागीदार होणे, हे मला मान्य आहे. शेजारणीने घरी आणलेली ताटली मात्र पंगत आणि बाजार यांच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि तिथे पौलाने निर्णय आपल्यावर सोडला आहे असे माझे मत आहे. अरामाचा सेनापती नामान याचीही आठवण ठेवावी. राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन दैवताच्या देवळात नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, असे तो म्हणाला आणि संदेष्टा अलीशाने त्याला शांतीने जाण्यास सांगितले (२ राजे ५).

वचनवाचक:
नामानाने त्याबद्दल क्षमा मागितली होती. चूक नसती तर क्षमा कशाला?

पणतू:
माझे पणजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. त्याआधी गावच्या जत्रेत आमच्या माणसांना देवळाच्या पायरीपाशीही जाऊ देत नसत. प्रसाद दुरून, हाताला हात लागणार नाही असा, ओंजळीत टाकत. एकदा तो मातीत पडला आणि तो उचलून खाल्ला, ही गोष्ट आमच्या घरात चार पिढ्या सांगितली जाते आहे. त्यामुळे प्रसाद हा शब्द ऐकला की माझा घास आजही अडतो. तरीही, ताई, तुमच्या आजी स्वतः उंबऱ्यापर्यंत आल्या आणि हातात हात लागेल अशी ताटली पुढे केली, हे माझ्या पणजोबांनी पाहिले असते तर ते काय म्हणाले असते याचा मी विचार करतो आहे. मी स्वतः घेईन की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

नवी वाट:
माझा बाप्तिस्मा दोन वर्षांपूर्वी झाला. आपण सगळे मोदकाला अन्न म्हणता, माझ्यासाठी तो अजून अन्न झालेला नाही. लहानपणापासून मी नैवेद्य दाखवताना ताटाभोवती पाणी फिरवले आहे आणि तो वास आला तरी माझे हात आपोआप जोडले जातात. माझ्यासमोर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी प्रसाद खाल्ला तर मलाही चालेल असे वाटेल, आणि मी जिथून निघाले तिथेच परत जाईन. आठव्या अध्यायात दुर्बळ म्हटले आहे ते माझ्यासारखेच असावेत. वसईकर दादांचा अभ्यास मोठा आहे. पण ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला तो भाऊ तुझ्या ज्ञानाने नाश पावतो, हेही पौलानेच लिहिले आहे.

वसईकर:
बहिणी, आपले म्हणणे मी मान्य करतो. आपण माझ्या घरी असाल त्या दिवशी मी ती ताटली उघडणार नाही.

नगरची लेक:
सर्वांचे आभार. पणतू भाऊंचे वाचल्यावर मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. त्या दिवशी मी हात जोडले ते वचनासाठी की आईच्या सवयीने, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही, आणि सवयीने नाही म्हणणे मला बोचते आहे. यंदा मी ताटली दोन्ही हातांनी घेणार आहे. मग ३० व्या वचनाप्रमाणे आमच्या देवाचे आभार मानून मुलीबरोबर खाणार आहे आणि आजींनाही हे आधी जाऊन सांगणार आहे, म्हणजे त्यांचा गैरसमज होणार नाही. नवी वाट, तुम्ही त्या दिवशी आमच्याकडे असाल तर मोदक आमच्या मेजावर येणार नाहीत.

वचनवाचक:
ताई, आपला निर्णय मला पटलेला नाही आणि माझ्या घरी मी प्रसाद घेणार नाही. आजींना आधी सांगणार आहात, ते मात्र अवश्य करा. मुलीला हे समजावून सांगाल तेव्हा २८ वे वचनही तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, एवढी विनंती.