काठी उचलू नका, दोरी ओढा

एकाने विचारलंय, अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांजवळ टार्पन या मोठ्या समुद्री माशाने माशी (गळाला बांधलेलं खोटं आमिष) तोंडात घेतली तरी तीनदा सुटला, चुकतं कुठे? मला वाटतं, हाताच्या सवयीत. ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाला आपण गळाची काठी वर उचलून हिसका देतो. टार्पनचं तोंड आतून हाडासारखं टणक, तिथे असा गळ रुततच नाही. काठीचं टोक पाण्याकडेच ठेवा आणि मोकळ्या हाताने दोरी सरळ मागे खेचा, घट्ट, दोनतीनदा.

मग तो उडतो. कल्ल्यांचा खडखड आवाज होतो, तळहाताएवढे खवले उन्हात लखलखतात आणि आपण नेमके तेव्हाच दोरी आवळून धरतो! तिथेच काठी त्याच्याकडे झुकवून दोरी सैल सोडायची, नाहीतर ती तुटते.

काठी १२ नंबरचीच, म्हणजे भारी ताकदीची, घ्या. हलक्या काठीने झुंज लांबते, मासा पार थकतो आणि सोडल्यावर शार्कच्या तोंडी जातो. फार वाईट वाटतं ते बघताना. फोटोसाठीही बोटीत ओढू नका. ४० इंचांहून मोठा टार्पन पाण्यातच ठेवायचा, असा तिथला नियमच आहे.