बंदीनंतर उरलेली पिशवी

घातक कीटकनाशकांबद्दल ‘बंदी आली म्हणजे विषय संपला’ असे म्हटले जाते, ते मला पटत नाही. बीएचसी (बेंझीन हेक्साक्लोराइड) या कीटकनाशक पावडरीवर १९९७ मध्ये बंदी आली, आणि एंडोसल्फान या दुसऱ्या कीटकनाशकावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. पण ही द्रव्ये लवकर नष्ट न होता चरबीत साठत जातात, त्यामुळे कडब्यावाटे म्हशीच्या पोटात गेलेला अंश दुधाच्या सायीपर्यंत आणि आईच्या दुधातून तान्ह्या बाळापर्यंत पोहोचतो.

आमच्या परभणीकडच्या घरात माळ्यावर बीएचसीची अर्धी पिशवी परवापर्यंत पडून होती, कोपरा उंदरांनी कुरतडलेला, आणि खाली ज्वारीच्या कणगीवर पांढरट भुकटी. अशी पिशवी सापडल्यास ती विहिरीकडेला टाकू नये आणि कृपया जाळूही नये, कारण क्लोरीनयुक्त द्रव्ये अर्धवट जळताना डायॉक्सिनसारखी अधिक घातक विषे तयार होऊ शकतात.