ज्यूल व्हर्न पुन्हा वाचायचा तर: आवृत्त्या, नकाशे, आम्यांचं घर (अनुभव धागा)

धागाकर्ती
ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेत असताना वाचला, कुणी भा. रा. भागवतांच्या मराठीतून, कुणी संक्षिप्त इंग्रजीतून, आणि तिथेच सोडला. मोठेपणी पुन्हा हातात घेताना प्रत कुठली घ्यावी, काय ताडून बघावं, फ्रान्सला गेल्यास कुठे जावं, हे ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनी लिहा. नुसत्या शाळेतल्या आठवणी नकोत, कृपया.

पानंचाळक
आधी प्रत तपासा. 'पृथ्वीच्या पोटात'ची इंग्रजी प्रत असेल तर पहिलं पान उघडा. निवेदक अ‍ॅक्सेल आणि काका लिडेनब्रॉक असतील तर ठीक. हॅरी आणि हार्डविग निघाले तर तो १८७१चा लंडनचा अवतार आहे. त्यात मूळ नावंच नाहीत, प्रसंगही मनाचे घातलेत. खाली ठेवा.

'वीस हजार लीग'साठी दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य बघा. प्राध्यापक अरोनाक्स नेब्रास्काच्या 'बॅडलँड्स'मधून परतलेला असतो. तिथे 'डिसअ‍ॅग्रीएबल टेरिटरी' छापलं असेल तर ते पाद्री मर्सियरचं भाषांतर. त्याने जवळजवळ पाव पुस्तक कापलं आणि आकडे-मापांत घोळ घातला. व्हर्नला शास्त्र कळत नव्हतं असं इंग्रजी वाचक कित्येक वर्षं म्हणत राहिले, त्यात या कात्रीचा मोठा वाटा आहे. स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे स्वस्त छापील प्रतींत आणि फुकट ई-पुस्तकांत आजही हाच मजकूर फिरतो. मुखपृष्ठामागे भाषांतरकाराचं नाव नसेल तर संशय घ्यावा. विल्यम बुचर (ऑक्सफर्ड) किंवा एफ. पी. वॉल्टर हे नाव असेल तर डोळे मिटून घ्या. वॉल्टरचं 'वीस हजार लीग' प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

आणि हो, वीस हजार लीग ही खोली नव्हे, प्रवासाचं अंतर आहे. लीग ४ किलोमीटरची धरली तर ८०,००० किलोमीटर.

थळघाट
'ऐंशी दिवसां'तला मुंबई–कलकत्ता टप्पा नकाशा शेजारी ठेवून वाचा. फिलियस फॉगच्या वेळापत्रकात त्याला ३ दिवस दिलेत. बोट २० ऑक्टोबर १८७२ला दुपारी साडेचारला मुंबईत लागते, गाडी रात्री ८ची. मधल्या वेळात फॉगचा नोकर पासपार्तू बुटांसकट मलबार हिलच्या देवळात शिरतो आणि त्याच प्रकरणात पुढे कलकत्त्याच्या कोर्टात त्याला ३०० पौंडांचा दंड होतो.

साष्टी, ठाणं, नाशिककडचा घाट, खानदेश, बऱ्हाणपूर हा क्रम बरोबर आहे, जी.आय.पी. (तेव्हाची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) तशीच जायची. चूक मालेगावची. व्हर्न 'मालेगाव स्टेशन' ओलांडून गाडी नेतो, पण मालेगाव त्या मार्गावर नाहीच, उतरायचं मनमाडला. वेरूळ-औरंगाबादही तो असं सांगतो की वाटावं खिडकीतून दिसतंय! व्हर्न भारतात कधी आलाच नाही. नकाशावरची नावं जवळजवळ दिसली की त्याने ती एका दमात ओवली.

दुसरी गोष्ट चूक म्हणायची की सोय, तुम्ही ठरवा. अलाहाबादच्या अलीकडे ५० मैल रूळच नाहीत, म्हणून फॉग २,००० पौंडांना हत्ती घेतो. प्रत्यक्षात मुंबई–कलकत्ता सलग मार्ग मार्च १८७०मध्येच सुरू झाला होता. पण रूळ जोडलेले ठेवले असते तर हत्ती नाही, जंगल नाही आणि तिथे सती जाण्यापासून वाचवलेली औदाही नाही.

गोदाकाठ
थळघाट यांना: औरंगाबाद हवं असेल तर 'वाफेचं घर' (१८८०) घ्या. सुरुवातच ६ मार्च १८६७ला औरंगाबादेत लागलेल्या जाहिरातीने होते: नानासाहेबांना जिवंत किंवा मृत पकडून देणाऱ्याला २,००० पौंड. पुढे एक प्रकरण वेरूळच्या लेण्यांत आहे. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती मजेचा, मात्र १८५७कडे बघण्याची नजर बरीचशी इंग्रजांची आहे. तेवढं धरून वाचा.

पाणबुडी
'वीस हजार लीग'मधल्या पाणबुडीचा कप्तान नेमो, त्याच्याबद्दल. व्हर्नच्या मनात तो रशियाविरुद्ध उठलेला पोलिश सरदार होता. प्रकाशक एत्झेलला रशियातला खप गमवायचा नव्हता, त्यामुळे पहिल्या पुस्तकात त्याचा देश गुलदस्त्यात राहिला. 'गूढ बेटा'त (१८७४–७५) तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार होतो. दोन्ही पुस्तकांच्या तारखा जुळवत बसू नका. अरोनाक्सचा प्रवास जून १८६८पर्यंत चालतो, आणि त्याच वर्षी म्हातारा नेमो त्या प्रवासाला सोळा वर्षं झाल्याचं सांगून प्राण सोडतो. मूळ आवृत्तीत प्रकाशकाने तळटीप देऊन हा घोळ कबूल केलाय.

फ्रेंच मास्तरीण
पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनहून व्हर्नच्या आम्यां गावाला गाडीने साधारण सव्वा तास. त्याचं बुरूजवालं घर २, र्यू शार्ल-द्युब्वा इथे, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. इथे तो १८८२ ते १९०० राहिला. मात्र त्याचं निधन याच गावातल्या दुसऱ्या घरात झालं, ही गफलत पुष्कळ लेखांत दिसते. दालनं बघताना दमून लेखनाची खोली घाईत उरकू नका. एवढ्या मोठ्या घरात ती अगदी लहान आहे, पहाटे पाचला उठून अकरापर्यंत तो तिथेच लिहायचा. आधी पेन्सिलने खर्डा, मग त्यावर शाई, मग प्रुफांवर पुन्हा पुन्हा दुरुस्त्या.

१८८६मध्ये पुतण्या गास्तोंने झाडलेल्या गोळीने पाय कायमचा अधू झाला. १८८८मध्ये तो नगरपालिकेवर निवडून आला. गावची पक्क्या बांधणीची सर्कस (१८८९) उभी राहण्यात त्याचा हात होता, ती इमारत अजून आहे. थडगं ला मादलेन दफनभूमीत, गावाबाहेर. जागा विस्तीर्ण आणि झाडीची, तेव्हा दारावरचा नकाशा बघूनच आत शिरा.

हस्तलिखितं बघायची इच्छा असेल तर ती आम्यांत नाहीत, त्याच्या जन्मगावी नांतला आहेत. त्या नगर-ग्रंथालयाने १९८१मध्ये विकत घेतली.

पानंचाळक
एक राहिलं. १९०५नंतर निघालेल्या कादंबऱ्यांवर मुलगा मिशेलचा हात फिरलाय, कुठे थोडा, कुठे प्रकरणंच्या प्रकरणं. 'डॅन्यूबचा नावाडी' (१९०८) घेताना हे लक्षात असू द्या. मूळ संहिता फ्रेंचमध्ये १९८०च्या दशकापासून छापल्या गेल्या. उलट 'विसाव्या शतकातलं पॅरिस' एत्झेलने नाकारलं, ते १९९४ साली बाहेर आलं आणि त्याला कुणाचाच हात लागलेला नाही. कादंबरी म्हणून मात्र कच्ची आहे, एत्झेलचं फारसं चुकलं नव्हतं.