ज्यावर लिंबू पिळतो, त्याच्यासोबत कोरडी व्हाइट वाइन: पटतंय का?

गोदाकाठचा
परवा रविवारी घरी मिसळीचा बेत होता. पुण्याचे मेहुणे गंगापूर धरणाकडे चक्कर मारून आले ते सॉव्हिन्यॉ ब्लाँ या कोरड्या व्हाइट वाइनची बाटली घेऊनच. "नाशिकची मिसळ, नाशिकची वाइन" म्हणत लगेच उघडली. पहिल्याच घोटाला तोंडात जाळ! काळ्या मसाल्याची तर्री आणि वर अल्कोहोल, दोघांनी मिळून जीभ सोलून काढली. मिसळीची चव गेली आणि वाइनचीही. मेहुण्यांचा निकाल: "आंबट आहे हो तुमची."

उरलेली अर्धी बाटली संध्याकाळी कोथिंबीर वडीसोबत घेतली. वाइन तीच, पण आता घोटागणिक वडीचं तेल जिभेवरून उतरत होतं. शिवाय वडीचा हिरवा वास आणि वाइनचा हिरवा वास एकमेकांत मिसळले. (सॉव्हिन्यॉ ब्लाँच्या द्राक्षात ढोबळी मिरचीसारख्या वासाचा घटक मुळातच असतो, त्याला पायराझिन म्हणतात.) तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. कोरडी व्हाइट वाइन आपल्या ताटात लिंबाच्या फोडीच्या जागी बसते. ज्यावर लिंबू पिळतो, त्याच्यासोबत ती जाते. तळलेलं पापलेट, बोंबील, अळूवडी, अगदी पोहेसुद्धा. लोक उगाच चीज आणि ऑलिव्ह शोधत फिरतात.

मावशीचा_डबा
मग लिंबूच पिळा की! एका बाटलीच्या पैशात पिशवीभर लिंबं येतात.
आणि तुमचा नियम तुमच्याच मिसळीवर आपटतो. मिसळीवर लिंबू न पिळणारा नाशिककर दाखवा, मी त्याला जेवायला बोलावते. पोह्यांसोबत वाइन म्हणजे सकाळी नऊला का? घरच्यांना विचारलंत?

गोदाकाठचा
मावशी, मिसळीवर हरलो. नियमात दुरुस्ती करतो: तिखटजाळ वगळून. पोहे संध्याकाळचे धरा.

शेनिनवाला
दुरुस्ती नको, नियमच सोडा. आपल्या जेवणाला कोरडी वाइन हवीच कशाला? आपल्याकडे आंबट एकटं कधी येतं? आमटीत चिंच पडली की मागोमाग गुळाचा खडा पडतोच. कोशिंबिरीत लिंबू तर चिमूटभर साखरही. मग पेल्यातच साखरेचं एवढं वावडं का? शेनिन ब्लाँ या द्राक्षाची किंचित गोडसर व्हाइट वाइन घ्या. ती तिखटाला सांभाळून घेते, कोरडी त्याच्याशी भांडते. फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यात याच शेनिनची खडखडीत कोरडीही करतात आणि मिठाईसारखी गोडही, म्हणजे गोडसर पिणारा अडाणी हा समज काढून टाका. "मी फक्त ड्राय घेतो" म्हणणारे निम्मे लोक ऐटीसाठीच म्हणतात.

मावशीचा_डबा
कोरडी म्हणजे नक्की काय हो? ओली नसलेली वाइन मी अजून पाहिली नाही.

खरडछाटणी
मावशी, यीस्टनं द्राक्षातली साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकली की उरते ती कोरडी. साधारण लिटरमागे चार ग्रॅमच्या आत साखर.

मी दिंडोरीकडचा, थॉमसन हे खायचं द्राक्षही लावलंय आणि वाइनचं द्राक्षही. मेहुण्यांच्या त्या "आंबट आहे" वर बोलल्याशिवाय राहवत नाही. बागेत पाहुणे आले की वाइनचं द्राक्ष तोंडात टाकतात आणि चकित होतात, कारण ते खायच्या द्राक्षापेक्षा गोड असतं! थॉमसन अठराच्या आसपास ब्रिक्सला (रसातल्या गोडीचं माप) तोडतो, हे बावीसपर्यंत नेतो. मणी बारीक, साल जाड, आत बिया. मणी फुगवायला जीए (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संजीवक) नाही. ती सगळी गोडी टाकीत अल्कोहोल होते, मागे राहतं ते आम्ल.

आणि नाशिकात आम्ल राखणं हेच अवघड काम. युरोपात द्राक्ष पिकत येतं तसा गारवा वाढतो. आपल्याकडे उलटं. पावसाळा सरताना गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी), थंडीत मणी भरणार, आणि नेमकं पिकायच्या वेळी ऊन चढायला लागतं. उन्हानं साखर वाढते आणि आम्ल जळतं. तोडणी आठ दिवस लांबली तर तुमची ती लिंबाची फोड गेलीच म्हणून समजा, उरेल सपक गोड पाणी. म्हणून अंधार असताना उठून, गार असतानाच घड तोडतो. जे आंबट म्हणून तुम्ही नाक मुरडता, त्याच्यासाठीच आमची पहाट जाते, भाऊ.

शेनिनवाल्यांचं गुळाचं म्हणणं मात्र मला पटलं. आमच्या घरी मटणासोबत कोरडी कोणी घेत नाही. खरं तर मटणासोबत वाइनच कोणी घेत नाही.

तपोवन_सकाळ
सगळे चवीवर बोलताय. दारूला वडीची जोड दिली की ती संस्कृती होते का? जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हाही हेच ऐकलं, वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचं भलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं साफ सांगितलं की मद्याचं सुरक्षित असं प्रमाण नाही. त्यात वाइनला सूट नाही. आमच्याकडे साबुदाणा वड्यासोबत ताक असतं आणि त्यानंही तेल उतरतं.

गोदाकाठचा
दादा, ती दारूच आहे, यावर वाद नाही. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं. ताकाचा मुद्दाही मोडता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की जे पितातच, त्यांनी निदान तर्रीवर ओतून वाया घालवू नये.

शेनिनवाल्यांना: गूळ मान्य, पण हुरड्याला काय कराल? कोवळी ज्वारी स्वतःच गोड, सोबत लसणाची चटणी. तिथे गोडसर वाइन म्हणजे गोडावर गोड. तिथे कोरडीच हवी, आणि हुरडा नेमका द्राक्षतोडणीच्या दिवसांतला.

शेनिनवाला
हुरडा दिला तुम्हाला. भरीत माझं.

मावशीचा_डबा
काल भाचा एक बाटली घेऊन आला म्हणून वडी करून पाहिली. बाटली आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये, वासच येईना.

खरडछाटणी
फार गार झाली असणार. पिण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा, आठ-दहा अंशांना वास मोकळा होतो. घाईत गार करायची तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. पेल्यात बर्फ टाकू नका, पाणचट होते.

मावशीचा_डबा
तसं केलं आज. वास आला, कच्च्या कैरीच्या सालासारखा. वड्या दहा मिनिटांत संपल्या. वाइन मला अजूनही आंबटच लागते, मी लिंबावर खूश आहे. अर्धी बाटली उरलीय, टिकते का?

खरडछाटणी
झाकण घट्ट फिरवून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस काही होत नाही. नंतर माशाच्या रश्शात घाला, कोकम थोडं कमी करून.