एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीच्या २००६च्या नव्या मालिका: पहिल्या भागावरून काय वाटलं?

प्रश्न:
एनबीसीने २००६च्या शरद हंगामात आणलेल्या मालिकांचे पहिले भाग सध्या बघतेय. 'फ्रायडे नाइट लाइट्स'ने पार जीव गुंतवला. खांद्यावरचा हलता कॅमेरा, टेक्ससमधलं छोटं गाव आणि त्या गावाच्या सगळ्या आशा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या पोरांवर. संघातला जेसन स्ट्रीट समोरच्या खेळाडूला अडवायला धावतो, आदळतो आणि उठतच नाही. मैदान एकदम गप्प होतं, माझाही श्वास अडकला. अचानक अद्भुत शक्ती मिळालेल्या माणसांच्या 'हिरोज'चा पहिला भाग मात्र पात्रांच्या ओळखीतच संपला. पुढे बघू का?

प्रतिसाद १:
हिरो नाकामुरासाठी तरी बघाच. टोकियोतला कंटाळलेला नोकरदार, डोळे घट्ट मिटून जोर लावतो आणि थेट टाइम्स स्क्वेअरमध्ये! काय खूश होतो तो!

प्रतिसाद २:
'स्टुडिओ ६०' आणि '३० रॉक', दोन्ही विनोदी कार्यक्रमाच्या पडद्यामागच्या. पहिलीचे संवाद धारदार, पण सगळेच भाषण दिल्यासारखे बोलतात. दुसरी सुरुवातीला चाचपडते. अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविन आला की जान येते. माझं मत '३० रॉक'ला.

प्रश्नकर्ती:
बरं, आज 'हिरोज'चा दुसरा भाग. पण 'फ्रायडे नाइट लाइट्स'मधले कोच टेलर आधी!