मदत हवी आहे: ड्राफ्टआधी ऑफेन्सिव्ह लाइनचा खेळाडू पारखायचा कसा?

सांगलीकर_बॉस्टन (१२ एप्रिल २०२५)

मंडळी, धागा अमेरिकन फुटबॉलचा आहे. इथे या खेळाचे दर्दी किती आहेत ठाऊक नाही, पण फेब्रुवारीत सुपर बोलच्या (मोसमाच्या अंतिम सामन्याच्या) धाग्यावर पाचसहा जण तावातावाने भांडत होते, त्या भरवशावर विचारतोय.

बॉस्टनजवळ राहतो. मुलगा चौदाचा, इथल्या पेट्रियट्स संघाचा कट्टर. गेल्या मोसमात १७ पैकी १३ सामने हरलो (आमच्या घरात 'ते हरले' म्हणायची सोय नाही). शेवटचा सामना बफेलोशी. तोही हरलो असतो तर ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजातले नवे खेळाडू क्रमाने निवडतात, तळाचा संघ आधी) पहिला नंबर आपला होता. नेमका तोच २३-१६ जिंकलो आणि घसरून चौथ्यावर आलो. संघ जिंकला म्हणून पोरगं रडकुंडीला आलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता २४ तारखेला ग्रीन बेला ड्राफ्ट. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) ड्रेक मे गेल्या वर्षीच घेतलाय, पण त्याच्या डाव्या अंगाला उभं राहायला धड माणूस नाही. त्यामुळे आमच्या घरी जेवताना एकच विषय: लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पाच जणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनचा डाव्या टोकाचा गडी, कोण? मी म्हणतो लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा (एलएसयू) विल कॅम्पबेल. मुलगा म्हणतो मिझुरीचा अर्मांड मेम्बू. कारण काय, तर कॅम्पबेलचे हात आखूड. इंडियानापोलिसच्या कम्बाइनला (ड्राफ्टआधीच्या चाचणीला) मोजले तेव्हा ३२ ५/८ इंच भरले. टॅकलला म्हणे ३३ तरी पाहिजेत, ३४ असले तर सोन्याहून पिवळं. मी म्हटलं, अरे, अर्ध्या इंचापायी तीन वर्षं खेळलेला गडी मोडीत काढायचा? तर उत्तर आलं, "बाबा, तुला कळत नाही."

खरंच कळत नाही, हीच अडचण आहे. क्वार्टरबॅकचे यार्ड मोजता येतात, रिसीव्हरचे झेल मोजता येतात. लाइनवरच्या या पाच जणांचं नाव टीव्हीवर ऐकू येतं ते होल्डिंगचा (समोरच्याला बेकायदा पकडल्याचा) पिवळा रुमाल पडल्यावरच. यूट्यूबवर दोन सामने बघितले. दर वेळी ठरवतो की फक्त टॅकलकडे बघायचं, आणि स्नॅप झाला (चेंडू मागे दिला) की डोळे चेंडूमागे पळतात.

लहानपणी चार वर्षं तालमीत काढली आहेत, तेव्हा कुस्तीच्या भाषेत सांगितलंत तर डोक्यात लवकर शिरेल. बघायचं कुठे? आणि हातांच्या लांबीचं हे खूळ खरं की नुसतं?

झंप्या

शीर्षक वाचून वाटलं, कुणाला तरी ऑफेन्सिव्ह लाइन बोलून बसलात आणि आता माफी कशी मागायची विचारताय. चालू द्या. वाखु (वाचनखूण) साठवतोय.

मिशिगनकर

सांगलीकर, आधी यूट्यूबवरच्या हायलाइट्स बंद करा. त्यात लाइनवाल्याने कुणाला तरी उताणं पाडलंय तेवढंच दाखवतात. ते बघायला मजा येते, कळत काही नाही. पूर्ण सामन्याची टेप शोधा, आणि मिळाला तर गोलपोस्टच्या मागून घेतलेला कोन. त्यात पाचही जण पाठमोरे दिसतात आणि पाय स्पष्ट दिसतात.

चेंडू बघायचाच नाही. एक प्ले (एक डाव) तीनदा बघा. पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा फक्त हात, तिसऱ्यांदा शेवट काय झाला ते. कंटाळवाणं आहे, पण वीसेक प्लेनंतर डोळा बसतो.

पाय म्हणजे काय बघायचं? पास असेल तेव्हा टॅकल मागे सरकतो, बाहेरचा पाय आधी. याला किक-स्लाइड म्हणतात. सरकताना दोन पायांतलं अंतर कायम राहतं का, की पाय एकमेकांजवळ येतात? जवळ आले की तोल गेला, आणि समोरचा शहाणा असेल तर त्याच क्षणी धडकतो. घाबरून फार बाहेर सरकतो का? तसं असेल तर रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा) एक पाऊल बाहेर दाखवून आतून निसटतो. कॉलेजातले निम्मे टॅकल इथेच फसतात.

मग वाकणं. गुडघ्यात वाकतो की कमरेत? कमरेत वाकणारा पुढे झुकलेला असतो, त्याला नुसतं खाली ओढलं तरी तोंडावर पडतो. गुडघ्यात बसणाऱ्यावर अंगावर धाव घेतली (बुल रश) तर तो दोन पावलं मागे जातो, ढुंगण खाली घालतो आणि तिथेच रुततो. मागे गेला म्हणून मार्क कापू नका. रुतला का ते बघा.

हात आतल्या बाजूला, समोरच्याच्या छातीवर पडले पाहिजेत. बाहेर खांद्यांवर पडले की पकडल्यासारखं दिसतं आणि दहा यार्डांचा दंड बसतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, प्ले निवडून बघा. कॉलेजात हल्ली चेंडू बऱ्याचदा झटकन हातातून सुटतो, तेवढा वेळ मीसुद्धा कुणालातरी अडवेन. तिसरा डाऊन (चारपैकी तिसरा प्रयत्न) आहे, आठ-दहा यार्ड हवेत, सगळ्या मैदानाला माहीत आहे की पास येणार, असे प्ले वेचून काढा. एका सामन्यात पाचसात मिळतील. खरी परीक्षा तेवढीच.

उलट_सुलट

मिशिगनकरांचं बाकी सगळं मान्य, पण हातांच्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली. मी मुलाच्या बाजूने.

खूळ नाही ते. जो आधी छातीला हात लावतो तो झुंज ठरवतो. टोकाला उभा असलेला रशर लांब हातांचा असतो, त्याचा हात तुमच्या छातीवर आणि तुमचा हवेत, मग पाय कितीही चांगले असोत. शिवाय टॅकलच्या बाहेर मोकळं मैदान असतं. वळसा घालून जाणाऱ्याला शेवटच्या क्षणी ढकलून क्वार्टरबॅकच्या मागून काढायचं, तिथे अर्धा इंच लागतो. गार्डला (टॅकलच्या आतल्या बाजूला उभा असतो तो) दोन्ही बाजूंना शेजारी असतात, त्याचं आखूड हातांवर भागतं.

उदाहरण ताजं आहे. २०२३ ला नॉर्थवेस्टर्नचा पीटर स्कोरॉन्स्की. कॉलेजात लेफ्ट टॅकल, पाय बघत राहावे असे, हात ३२ १/४. टेनेसीने अकराव्या नंबरवर घेतला आणि गार्डला उभा केला. आणि फेब्रुवारीतला सुपर बोल आठवा. कॅन्सस सिटीने जो थूनीला, म्हणजे लीगमधल्या अव्वल गार्डला, नाइलाजाने लेफ्ट टॅकलला लावलं होतं. त्या दिवशी ती अख्खी लाइन उसवली, त्यांच्या क्वार्टरबॅकला, महोम्सला, सहा वेळा लोळवलं. थूनी मूळचा तुमच्याच पेट्रियट्सचा, हे मुलाला सांगू नका, अजून हळहळेल.

मिशिगनकर

स्कोरॉन्स्की सांगितलात, मग त्याच नॉर्थवेस्टर्नचा रशॉन स्लेटर का गाळलात? २०२१, तेरावा नंबर, चार्जर्स. हात बरोब्बर ३३. तेव्हाही हेच बोलत होते की गार्ड होईल. लेफ्ट टॅकललाच उभा राहिला आणि पहिल्याच वर्षी प्रो बोलला (वर्षातल्या अव्वल खेळाडूंच्या निवडीत) गेला.

बरं, आकड्यांनी उलट बाजूनेही फसवलंय. ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर, २०१८. आडवातिडवा प्रचंड देह, हात लांबलचक. पण कम्बाइनला ४० यार्ड पळायला ५.८५ सेकंद घेतले, बेंच प्रेसचं वजन चौदाच वेळा उचललं. सगळ्यांनी नाकं मुरडली, पार ८३ व्या नंबरवर गेला. पुढे चार वेळा प्रो बोल, शिवाय सुपर बोलची अंगठी. अहो, लाइनवाला आयुष्यात ४० यार्ड सलग कधी पळतो? पहिल्या दहा यार्डांचा वेळ बघा, त्यात थोडा अर्थ आहे.

आणि जॉर्डन मलाटा! ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा पोरगा, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नाही, २०१८ ला सातव्या फेरीत ईगल्सने उचलला. तुम्ही म्हणता त्या सुपर बोलमध्ये जिंकणाऱ्या संघाचा लेफ्ट टॅकल तोच होता. अर्थात त्याला जेफ स्टाउटलँडसारखा लाइन कोच मिळाला. कोणत्या कोचच्या हाती पडतो, हे कुठल्याच टेपवर दिसत नाही.

उलट_सुलट

मलाटा सहा फूट आठ इंच आहे हो. माझाच मुद्दा सिद्ध करताय.

मिशिगनकर

:) बरं.

सांगलीकर, कुस्तीचं राहिलंच. तुमच्याच संघात स्टीफन नील म्हणून गार्ड होता. कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता, निव्वळ पैलवान. दोनदा राष्ट्रीय कॉलेज विजेता, १९९९ ला १३० किलोत जगज्जेता, आणि त्याच वर्षी कॉलेजच्या अंतिम कुस्तीत ब्रॉक लेस्नरला हरवलेलं. तिथून येऊन पेट्रियट्सकडून दहा मोसम काढले. टँपा बेचा ट्रिस्टन वर्फ्सही आयोवात शाळेतला कुस्तीविजेता. तेव्हा तुमची शिकवणी अगदीच वाया गेलेली नाही. खडाखडीत समोरच्याचा पंजा कसा झटकतात, त्याचा भार पुढे आला की कसा ओळखतात, तेच बघा. टॅकलची सगळी कुस्ती मागे सरकत सरकत चालते, एवढाच फरक.

सांगलीकर_बॉस्टन

बापरे, एका दिवसात एवढं! दोघांचे आभार. मागे सरकत कुस्ती म्हटल्यावर डोक्यात उजेड पडला. आमचे वस्ताद मागे हटणाऱ्याच्या पोटऱ्यांवर वेताची छडी द्यायचे.

एक शंका. मेम्बू मिझुरीला उजव्या बाजूला खेळला. तो डावीकडे आणला तर काय अडतं?

उलट_सुलट

सगळं उलटं होतं. मागचा पाय बदलतो, बाहेरचा हात बदलतो, रोज उजव्या हाताने जेवणाऱ्याने डाव्याने कालवण-भात खावा तसं. शिकता येतं, पण पहिलं वर्ष सांडलवंड होणार. तुमच्या संघाने मार्चमध्ये मॉर्गन मोझेस घेतलाय, तो राइट टॅकल, म्हणजे मेम्बू आला तर त्याला डावीकडेच जावं लागेल. हे मात्र मी मुलाच्या विरुद्ध बोललो.

तरी ३३२ पौंडांचा माणूस ४० यार्ड ४.९१ सेकंदांत पळतो, हे विसरवत नाही.

अश्विनी_के

मी फिजिओथेरपिस्ट, ओहायोत, त्यामुळे माझं लक्ष जॉश सिमन्सवर. ओहायो स्टेटचा लेफ्ट टॅकल, ऑक्टोबरात ओरेगनविरुद्ध गुडघ्याचा पटेलर टेंडन गेला. पाय त्याचे या वर्षीच्या कुणाहूनही हलके वाटले मला. पण जो माणूस मागे सरकून, गुडघ्यात बसून, तीनशे पौंडांचा धक्का झेलतो, त्याचा नेमका तोच टेंडन गेलाय. टेप बघताना तारीख बघा, दुखापतीआधीची आहे का. बाकी वैद्यकीय अहवाल संघांच्या हाती असतो, आपल्या नाही.

हातांबद्दल: खांद्याच्या वरच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. ते हाड चाचपून शोधावं लागतं, आणि खांदा थोडा पुढे-मागे झाला की आकडा बदलतो. कॅम्पबेलचेच एलएसयूच्या प्रो-डेला (कॉलेजातच होणाऱ्या चाचणीला) ३३ भरले, हे वाचलं असेलच. घरी शिवणाची टेप असेल तर करून बघा.

सांगलीकर_बॉस्टन (२० एप्रिल)

अश्विनीताई, केलं. बायकोची शिवणाची टेप, मी स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभा, मुलगा मोजणारा. पहिल्यांदा २८ १/४. "बाबा, खांदा ढिला सोड," मग २८ ३/४. तिसऱ्यांदा बायकोने हाड नीट चाचपून मोजले तर २८ १/२. एकाच माणसाचे, पाच मिनिटांत, तीन आकडे. मुलगा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ते लोक तुमच्यापेक्षा नीट मोजत असतील. तेही खरं.

कॅम्पबेलचे तीन सामने आणि मेम्बूचे दोन बघितले, फक्त तिसरा डाऊन आणि लांबचा पल्ला. वहीत रकाने आखले: पाय, हात, शेवट. मला कॅम्पबेलचे पाय आवडले. घाई नाही, दर पाऊल मोजून टाकल्यासारखं, आणि दोन रशर एकमेकांना छेद देऊन आले की कोणता आपला हे त्याला चटकन कळतं. पण उलट_सुलट, तुमचंही पटलं. काही वेळा समोरच्याचा हात आधी पोचलाय, आणि मग त्याला सावरून घ्यावं लागलंय. सावरतो तो. दर वेळी सावरेल का, ते रविवारी खेळणाऱ्या, म्हणजे व्यावसायिक, रशरसमोर कळेल.

मेम्बूचा धक्का बसला की समोरचा हलतो, हे वहीत मुलाच्या अक्षरात आहे, खाली दोन रेघा मारून.

मत कुणाचंच बदललं नाही. फरक इतकाच की काल एका प्लेला मी म्हटलं, "पाय जवळ आले बघ," आणि त्याने न बोलता व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा लावला.

गुरुवारी रात्री आठला सुरू होतंय. पैज लागली आहे: कॅम्पबेल आला तर महिनाभर अंगणातलं गवत तो कापणार, मेम्बू आला तर मी. दोघंही नाही आले तर काय, हे ठरायचंय.

झंप्या

दोघंही नाही आले तर मॉवर इकडे पाठवा.