हमर सह्याद्रीत चालेल का?

सह्याद्रीतल्या वाटांसाठी गाडी कुठली घ्यावी म्हटलं की कोणीतरी म्हणतंच, पैसे असतील तर सरळ अमेरिकेतून हमर (ती अवाढव्य ऑफ-रोड गाडी) आणा, कुठेही चढेल. अहो चढेल हो, पण मावेल का? हमरच्या एच२ मॉडेलची रुंदी २ मीटरच्या वर आणि वजन जवळपास ३ टन, मारुतीची छोटी फोर बाय फोर जिम्नी १.६५ मीटर आणि साधारण १२०० किलो. आपल्याकडे रस्ता म्हणजे एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला भातखाचर, मधे समोरून एसटी आली की रिव्हर्स. मुळशीकडे पावसाळ्यात एक अवजड पिकअप साइड देताना चिखलात बसलेली बघितलीये, चारही चाकं फिरतायत आणि गाडी आपली हळूहळू खाली, शेवटी ट्रॅक्टरनेच काढली, आमची जुनी जिप्सी मात्र बाजूने निघून गेली :)

हमरचं मूळ मॉडेल एच१ लष्करी गाडीवरून आलेलं, त्याचं ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासून उंची) ४० सेंमी, एच२ मात्र जीएमच्या (जनरल मोटर्स) ट्रकच्या सांगाड्यावर. शिवाय इंपोर्टला राइट हँड स्टिअरिंग लागतं, आणि एच२ लेफ्ट हँड! ड्युटी तर विचारूच नका.

अमेरिकनच हवी तर जीपची रँगलर घ्या की, २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावलाच असेंबल होतेय.